माचावरचं कमी मीठ

रोझाबाय गेल्याचं मला वाळवणावर कळलं. मी बांगडे पालटत होते. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "रोझाबाय गेली गो, सकाळी." मी उरलेले बांगडे पालटले, मग हात धुतले. तिनेही तेच केलं असतं. राग आला तो नंतर, शाळेतल्या शोकसभेत. मासळीखात्यातले जुने साहेब उभे राहून म्हणाले, "बाईंनी प्रयोग करून सिद्ध केलं, की मासळी वाळूवर वाळवा की माचावर, मीठ जास्त घाला की कमी, फरक काही पडत नाही." लोकांनी माना डोलावल्या. तिने नेमकं याच्या उलट दाखवलं होतं. ती आता बोलू शकत नाही, म्हणून मी लिहिते.

रोझाबाय आमच्या शाळेत गणित शिकवायची. मुंबईत संख्याशास्त्र शिकलेली; वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी परतलेली. त्याच सुमारास साहेबांनी बांबूचे उंच माच आणले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भरपूर मीठ लावून वाळूवर वाळवणाऱ्या बायका. आम्ही तेवढंच मीठ लावून मासळी माचावर टाकली. वाऱ्याने वरची साल कडक झाली, आत मासा नासला. मग वाळूवरच मीठ कमी करून पाहिलं, तर अळ्या पडल्या. म्हणजे माच वाईट, कमी मीठही वाईट. साहेब माच परत न्यायला निघाले, तेव्हा रोझाबाय मध्ये पडली. "एका वेळी एकच गोष्ट बदललीत. दोन्ही एकदम बदलून कुठे पाहिलंत?"

तिने एकाच होडीची मासळी घेतली आणि चिठ्ठ्या टाकून चार वाटे केले: वाळू आणि माच, दोन्हींवर जास्त मीठ आणि कमी मीठ. "लॉटरी आसा काय गो ही?" म्हणून बायका हसल्या. आमच्यात मिठाची शेवटची मूठ घरातल्या थोरल्या बाईच्या हातची. माझ्या सासूने ती गुपचूप कमी मिठाच्या वाट्यांवरही टाकली.

"आये, मीठ कोणी घातलां?"

"मीयां. अळणी मासो माका बघवणा नाय."

रोझाबायने सगळं पहिल्यापासून मांडलं आणि सासूच्या हातात वाटी दिली. "हात तुझोच, आये. पण माप ह्यां." वाटीवर बोट फिरवून मीठ सपाट करायचं, हेही तिनेच शिकवलं.

या वेळी माचावरचा कमी मिठाचा बांगडा सगळ्यांत उत्तम निघाला. मासळी किती चांगली निघाली त्याच्या दोन रेघा रोझाबायने ओल्या वाळूत ओढल्या. मीठ वाढलं की वाळूची वर जाणारी, माचाची खाली येणारी... फुलीसारख्या छेदणाऱ्या. "सरासरी काढलंस तर माच नि वाळू सारखीच. जास्त मीठ नि कमी मीठ सारखांच. फरक जोडीत आसा गो." मी विचारलं, हा योगायोग नाही कशावरून? ती म्हणाली, एका वाट्यातले बांगडेही एकसारखे नसतात. आधी तो आतला फरक मोजायचा. वाट्यावाट्यांतला फरक त्याहून बराच मोठा असेल, तरच तोंड उघडायचं. तिने ते अनेक होड्यांच्या मासळीवर करून पाहिलं आणि मगच उघडलं.

साहेबांनी नुसत्या सरासऱ्या पाहिल्या. "सारख्याच आहेत की. मग खर्च कशाला?"

"साहेब, जोडी बघा."

"बाई, अहवालात जोडीला रकाना नाही."

माच ट्रकात चढले. मी म्हटलं, "भांड गो त्यांच्याशी." ती म्हणाली, "आकडे बोलतत." आकडे बोलत नाहीत, माणसांना बोलावं लागतं. ती तेव्हा गप्प बसली, याचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि ती मेली म्हणून जाणारही नाही. गावातल्या बायका वर्षानुवर्षं वाळूवर वाकून दुप्पट मीठ खपवत राहिल्या, ते त्या गप्प बसण्याने आणि त्या रकान्याने.

आमच्या परसात मात्र आम्ही स्वतः बांबू तोडून माच घातला. सासू गेली, तिची वाटी माचाच्या खांबाला लांब दोरीने बांधलेली आहे. शोकसभेहून आले तेव्हा सून मीठ लावत होती. पाहुण्यांसाठी चांगलं व्हावं म्हणून वाटी शिगोशीग भरलेली. मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि वरून बोट फिरवलं.