मौनीबाबाच्या फेऱ्या

सलून चालवणारा आणि अबोल, असा माणूस विरळाच. हा तसा होता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की 'बारीक की मध्यम?' एवढंच विचारायचा आणि मग फक्त कात्रीचा आवाज. सासूबाईंनी त्याला मौनीबाबा नाव ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. समोर त्या 'अहो जावईबापू' म्हणत, तेही इतकं जपून की बोलणं तिथंच संपे. लग्नानंतर तो आपला देश सोडून बायकोच्या देशात आला होता. सासूबाई त्यांच्याजवळच राहत. एका घरात इतकी वर्षं काढूनही दोघांचं बोलणं दूध आलं का, दार लावलं का, याच्या पुढे सरकलं नव्हतं.

बायको पुलांचं काम करणारी इंजिनिअर. कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं, एका खाडीवरच्या पुलासाठी. तिच्याबरोबर जायला तो एका पायावर तयार होता. पण ती जन्मानं इथली नागरिक आणि त्याच्याकडे नुसता कायम वास्तव्याचा परवाना. फार काळ बाहेर राहिला तर 'हा आता इथला राहिला नाही' असं म्हणून सरकार तो काढून घेऊ शकत होतं. वकीलबाईंनी सांगितलं, की परत येण्याच्या परवानगीचा कागद इथून निघण्याआधीच करून घ्या, पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका. घर सोडू नका, दुकान चालू ठेवा, कर इथंच भरा आणि मधूनमधून येऊन राहून जा.

दुकान भागीदारानं सांभाळलं, घर सासूबाईंनी. काही महिन्यांनी तो पहिल्या फेरीला आला, तेव्हा घरात तो आणि सासूबाई, मध्ये टीव्ही. आपल्या हातचं जावयाला आवडत नसणार असं त्यांना वाटलं, उगाच त्रास नको असं त्याला वाटलं, आणि दोन आठवडे एकाच ओट्यावर दोघांनी आपापली वेगळी भाजी केली.

दुसऱ्या फेरीला दार उघडायला त्या आल्या त्या डोक्याला रुमाल बांधून. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. मागच्या पायरीवरून घसरल्या होत्या आणि लेकीला काळजी नको म्हणून फोनवर अवाक्षर काढलं नव्हतं. त्यानं बॅग ठेवली, चहा केला. तेवढ्यात रुमाल सुटला. कमरेपर्यंतचे केस, पण किती दिवस फणी फिरली नव्हती कोण जाणे, नुसता गुंता. कारागिराला ते बघवेना. त्यानं खिडकीशी खुर्ची ओढली, पाठीवर टॉवेल टाकला.

"बसा, आई."

त्या बसल्या. टोकांपासून सुरुवात करून तो एकेक गाठ सोडवत वर गेला. एकही केस ओढला गेला नाही. पाठमोरं बसलं की बोलणं सोपं जातं म्हणा, किंवा हात कामात होते म्हणून म्हणा, पण मौनीबाबा बोलू लागला. आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे त्याचा मामा. एक बाजू जरा जास्त उडाली, ती सारखी करायला दुसरी उडवली, मग पुन्हा पहिली, असं करत मामा शेवटी चकोट झाला आणि महिनाभर टोपी घालून हिंडला. सासूबाई इतक्या हसल्या की प्लॅस्टरचा हात खुर्चीवर आपटला.

हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या, "आता काप. खांद्यापर्यंत. कधीचं मनात आहे माझ्या."

'काप.' 'कापा' नव्हे. दोघांच्याही ते ध्यानात आलं, आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

त्यानंतर भाजी एकच होऊ लागली.

तिसऱ्या फेरीला विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं त्याला बाजूला घेतलं. वरचेवर ये-जा का, खरं घर कुठलं, बायको कुठे असते, सगळं विचारलं. बायको पुलाच्या कामावर, परदेशात, असं यानं सांगितलं.

"मग इथे कोणाकडे आलात?"

"सासूबाईंकडे. म्हणजे माझ्याच घरी. त्यांचे केस वाढलेत."

अधिकाऱ्यानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पण केसांवर भागलं नाही. परवानगीचा कागद, कराच्या पावत्या, दुकानाची नोंद, सगळं नीट पाहिलं आणि मगच शिक्का मारला. बाहेर सासूबाई उभ्या होत्या, या वेळी स्वतः टॅक्सी ठरवून.

पूल झाला. बायको परतली तेव्हा परवाना शाबूत होता, पण घर बदललं होतं. आखूड केसांची आई जावयाला 'अरे' म्हणत होती, मामाच्या टोपीवरून दोघं हसत होती आणि हिला काही कळत नव्हतं. जेवताना तिनं सांगितलं की कंपनी आणखी एक पूल देऊ करतेय.

आई म्हणाली, "तू खुशाल जा. याला मात्र वरचेवर पाठवत जा."

नवऱ्याकडे पाहून बायको हसत सुटली. परवान्याची टांगती तलवार पुन्हा नको म्हणून तिनं त्या वेळी नकार कळवला. पुढे यथावकाश त्याला नागरिकत्व मिळालं, परवान्याची चिंता मिटली, आणि त्यानंतरच्या पुलाला ती तिघं मिळून गेली. सासूबाईंनी विमानातली खिडकीजवळची जागा आधीच सांगून ठेवली होती.