टाचणीच्या वहीतली बटणं

आमच्या गल्लीच्या टोकाला दोन पायऱ्या उतरून गेलं की एक खोली लागते. बेचाळीस वर्षं तिथे बसून शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळे टाचणी म्हणतात. आहेच ती तशी, बारीक, ताठ आणि टोचणारी. शिवाय कामाला बसली की तोंडात चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून. टाचण्या काढून बोलायला लागली की समजावं, आता काहीतरी गंभीर आहे.

पडदे, अभ्रे, शर्ट असलं ती सगळंच शिवते. पण तिचं खरं काम निराळं. ज्या बायकांच्या छातीचं ऑपरेशन होऊन एक बाजू काढून टाकलेली असते, त्यांचे आतले कपडे ती शिवते. कापूस असा तोलून भरते की बघणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात. दुकानात असलं तयारही मिळतं म्हणे. पण तयार माल तयार माणसालाच बसतो. हे मी ऐकीव सांगत नाही, अकरा वर्षं मी तिचं गिऱ्हाईक आहे. आज लिहितेय खरी, पण तेव्हा माझ्या घराबाहेर कुणाला पत्ता नव्हता.

पत्ता लागला नाही तो टाचणीच्या वहीमुळे. एकेका पानावर एकेकीची मापं, कुठली बाजू, खांदा किती उतरलाय, शिवण कुठे दुखते, सगळं लिहिलेलं. फक्त नावाच्या जागी नाव नाही. तिथे एक बटण शिवलेलं. कुठलं बटण म्हणजे कोण, हे एकट्या टाचणीला ठाऊक. मी एकदा विचारलं, "माझं कुठलं गं?" तर म्हणाली, "आपलं बटण विचारायचं नसतं, ताई. हात वर करा."

दोन वर्षांपूर्वी वहीला कसर लागली. परगावची लेक आठ दिवस आली, आईला आपला जुना कॉम्प्युटर दिला आणि रोज बसून अख्खी वही त्यात उतरवली. जाताना आईला म्हणाली, "पासवर्ड विसरू नकोस आणि कुणाला दाखवूही नकोस." आता ही दोन्ही कामं एका माणसाला कशी जमावीत? टाचणीने कागदावर पासवर्ड लिहिला आणि टोचला कपडे बेतायच्या कापडी पुतळ्याला. पुतळ्याला टोचलेलं हरवत नाही, हा तिचा जन्माचा नियम. पण पुतळा उभा दारासमोर. येणारा-जाणारा आधी पुतळ्याच्या छातीवरचा पासवर्ड वाचणार, मग टाचणीला नमस्कार करणार!

मी म्हटलं, "अगं, कुलूप लावून किल्ली दारावर टांगलीस की!"

"कुलूप कुठलं हे कळायला नको का चोराला?" टाचणी म्हणाली. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं मला माहीत नाही.

कॉम्प्युटरवर ती अस्तर आणि इलॅस्टिक मागवायची, एवढाच त्याचा उपयोग. वही अजून चालत होती, म्हणून लेकीने उतरवलेलं तिने कधी उघडूनही पाहिलं नाही.

एका दुपारी मी मापाला गेले. पायरी उतरतेय तर आतून पुरुषाचा आवाज. म्हटलं, या खोलीत पुरुष कुठला? बघते तर टेबलावर फोन मोठ्याने बोलत होता आणि टाचणी खुर्चीच्या टोकावर बसलेली.

"घाबरू नका, आई," फोन म्हणत होता, "मी कंपनीतून बोलतोय. बाण हलेल, तुम्ही हात लावू नका."

आणि खरंच, पडद्यावरचा बाण आपला आपण फिरायला लागला. मी फोनकडे धावले. टाचणीने हाताने मला थांबवलं आणि ओठांच्या कोपऱ्यातून कुजबुजली, "अस्तर बघत होते, एकदम सगळं लाल झालं, भोंगा वाजला. 'व्हायरस आलाय, बंद करू नका, या नंबरावर फोन करा' असं लिहून आलं. मी केला. बिचारा अर्धा तास झटतोय माझ्यासाठी."

"आई, आता तुमचा पासवर्ड सांगा बरं," बिचारा म्हणाला.

टाचणी पुतळ्याकडे वळली आणि वाचायला लागली. पण तोंडात टाचण्या! त्याला काय कळणार?

"काय? परत सांगा." तिने परत सांगितलं. "आई, तोंडात काय आहे तुमच्या?" तिसऱ्यांदा तो खेकसलाच, "लवकर करा हो! वेळ नाही माझ्याकडे!"

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. व्हायरस म्हणजे काय मला माहीत नाही. पण अर्धा तास "आई आई" करणारा एकदम खेकसला, तेव्हा कळलं की हे लेकरू आपलं नव्हे. मी वाकले आणि भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा.

"आई? काय केलंत?" फोन ओरडला.

"झाडू मारत होते, पाय लागला," असं म्हणून मी फोन बंद केला.

मग टाचणीने एकेक टाचणी तोंडातून काढून टाचण्यांच्या गादीला टोचली. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी. पण तिचा चेहरा पांढराफटक.

"ताई, त्यात माझ्या बायका आहेत."

"वहीत तर बटणं आहेत ना?"

"वहीत बटणं. पण कॉम्प्युटरात बटण कसं शिवणार? पोर याच खोलीत वाढली, कोण येतं कोण जातं सगळं तिने पाहिलंय. नावंच घातली असणार. बेचाळीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही गं मी."

लेकीला फोन लावला, ती कामावर, उचलेना. मी माझ्या सुनेला लावला. ती शाळेच्या कचेरीत कॉम्प्युटरवरच काम करते. सुटल्यावर तशीच पर्स घेऊन आली. सगळं ऐकलं आणि माझ्याकडे वळली.

"आई, प्लग तुम्ही काढलात?"

"हो," मी म्हटलं, जरा बचावाच्या पवित्र्यात.

"शाबास!"

एकोणीस वर्षांत सुनेची शाबासकी पहिल्यांदाच मिळाली. मी पदरात बांधून ठेवली आहे.

तिने आधी इंटरनेटची वायर काढली, मग कॉम्प्युटर चालू केला. त्या माणसाने जे काही आत घालायला लावलं होतं ते शोधून काढून टाकलं. सगळे पासवर्ड बदलले, पण ते स्वतःच्या फोनवरून. म्हणाली, हे यंत्र नीट तपासून होईपर्यंत यावर काही टाइप करायचं नाही. बँकेला फोन केला तो पासबुकावर छापलेल्या नंबरावर. तिकडे सगळं जागच्या जागी होतं.

"मावशी," ती टाचणीला म्हणाली, "खरी कंपनी असा लाल पडदा दाखवून फोन करायला सांगत नाही. बंद करू नका म्हणाले की आधी बंद करायचं. आणि आपला बाण परक्याच्या हातात कधी द्यायचा नाही."

"मापं नेली का त्याने?"

"ते मला खात्रीने सांगता येणार नाही. नेली असतील तर परत आणता यायची नाहीत."

टाचणीने वही उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "उघड ते. पण तू बघू नकोस. ताई वाचेल."

सुनेने फाइल उघडली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी चष्मा लावला. अक्षरं लावत लावत वाचायचं म्हणजे मला वेळ लागतो.

"पि... पितळी. गोल. मधे नांगर," मी वाचलं.

टाचणी उठून उभी राहिली. "पुढचं?"

"निळं, चार भोकं. लाकडी, लांबट. काळं, कोटाचं..."

शेवटपर्यंत वाचलं. एकही नाव नव्हतं. टाचणी स्टुलावर मटकन बसली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. "कार्टीने बटणं लिहिली गं! बटणं!"

तेवढ्यात कार्टीचाच फोन आला. आईने विचारलं तशी ती म्हणाली, "नावं कशी घालीन? सात वर्षांची असताना वहीकडे बघून 'ही कोण?' विचारलं होतं. ती चापट अजून आठवते मला."

सुनेने मापांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन दिली, ती टाचणीने बटणांच्या डब्यात ठेवली. नवा पासवर्ड पुतळ्याला टोचायचा नाही, असं सून तीनदा बजावून गेली. टाचणीने तो पुतळ्याच्या पोटात घालून वरून शिवून टाकला. टोचला नाही, एवढं मात्र खरं.

आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी म्हटलं, "आता तरी सांग. सगळी वाचलीत मी. माझं कुठलं?"

"शिंपल्याचं. कड उडालेलं."

"कड उडालेलंच मिळालं का मला?"

"भोकं शाबूत आहेत ना? मग बसतं घट्ट," टाचणी म्हणाली. तिने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या, टेप गळ्यात घातली आणि कोपऱ्यातून पुटपुटली, "हात वर करा."