आईने घासलेलं पदक

चिंचेच्या कोळात बुडालेलं, खडेमिठाने माखलेलं एक वाटोळं पदक आणि त्यावर गोल गोल फिरणारा आईचा तळवा... माझ्या बालपणाचं एकच चित्र कुणी मागितलं, तर मी हेच देईन.

आमचं घर मिठागराच्या बांधाला लागून होतं. खाडीवरून येणाऱ्या खारट वाऱ्याने घरातलं तांबं-पितळ आठवड्यात काळवंडायचं, म्हणून सणाच्या आदल्या दिवशी हंडे, समया, तांबे, जे जे धातूचं ते ते सगळं चिंच-मिठाने घासायची आमच्यात रीत. चौथीत असताना पंधरा ऑगस्टला, वर्गात पहिली आले म्हणून मला पदक मिळालं. ते दिलं मिठागराच्या मालकाने, गावच्या शेठने, आणि भर सभेत सांगितलं, "अस्सल चांदीचं आहे हो!" आईने ते समयांच्या शेजारी मांडलं. दसऱ्याला घासलं, दिवाळीला घासलं. आणि सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी काथ्या फिरता फिरता त्या पांढऱ्याशुभ्र पदकातून लाल रंग डोकावू लागला. आईचा हात थांबला. चिंचेचा आंबट वास तेवढा अंगणात भरून राहिला.

दुसऱ्या दिवशी झेंड्याखाली गुरुजींनी माझ्या छातीवरचं पदक हातात घेतलं.

"चांदीचं विकलंस आणि तांब्याचं लावून आलीस? खरं पदक घेऊन ये, नाहीतर शाळेत पाऊल टाकू नकोस."

साऱ्या शाळेसमोर मी चोर ठरले! वडील शेठच्याच मिठागरात राबत, ते म्हणाले, "गप बसा, पोटाचा सवाल हाय." आई गप बसली नाही. तशीच शाळेत गेली, पदर खोचून गुरुजींपुढे उभी राहिली.

"माजी पोर चोर न्हाय. मीच घासलंय ते. चला सोनाराकडं, तुमच्या डोल्यांनी बघा."

बाजारातल्या म्हाताऱ्या सोनाराने पदकाची कड काळ्या कसोटीवर ओढली – तांबडी रेघ. मग भिंग लावून तो कितीतरी वेळ पाहत राहिला. दुकानात कोळशाचा धूर, तेजाबाचा उग्र वास. शेवटी त्याने भिंग गुरुजींच्या हाती दिलं. अक्षरांच्या खाचांत, कडीच्या भोकात, जिथे काथ्या पोचला नव्हता, तिथे पांढरी झाक अजून शाबूत होती.

"पदक तेच आहे, गुरुजी," सोनार म्हणाला. "आतून आधीपासूनच तांबं. वर चांदीचा नुसता मुलामा होता, तो या बाईने घासून काढला."

गुरुजींची मान खाली गेली. आठवड्याने शेठने त्यांच्याच हाती नवं, खरंखुरं चांदीचं पदक पाठवलं आणि निरोप दिला, हे घ्या आणि विषय मिटवा. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मला माझंच पाहिजे," म्हणाले. आईकडे पाहिलं, ती हसत होती. त्याची किंमत आम्ही मोजली... पुढच्या हंगामात वडिलांना मिठागरात काम मिळालं नाही, ते मुंबईला गोदीत गेले आणि सणापुरते घरी येऊ लागले. त्या शेठचा मला अजूनही राग येतो. नकाराचा पश्चात्ताप मात्र एक दिवसही झाला नाही.

आता ते मिठागर भरावाखाली गेलं, वडील गेले, आई गेली. परवा जुनी नाणी-पदकं जमवणारा एक तरुण घरी आला, पदक उलटंपालटं करून हळहळला, "आजी, तांब्यावर मुलामा होता, पण कुणीतरी घासून पार वाट लावलीय. तसंच ठेवलं असतं तर काही मोल आलं असतं."

मी पदक त्याच्या हातातून काढून घेतलं.

"कुणीतरी नाही," म्हटलं, "माझ्या आईने घासलंय." आणि तो पायऱ्या उतरून गेल्यावर चिंच भिजत घातली. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी होती.