सुगंधाबाईंच्या सोसायटीला संगणकाचा झालेला फायदा

सुगंधाबाई केळी सोसायटीत कारकून होत्या, पण एदलाबादेकडच्या त्या गावात त्यांना कारकून कोणी म्हणत नसे. त्या ‘नंबरवाल्या बाई’. स्टेशनावर दिल्लीची वॅगन लागली, की आज कोणाची केळी भरायची आणि कोणी थांबायचं, ती यादी त्या करायच्या. केळी काही थांबत नाही. घड कापायला आला की आला. ज्याचं नाव यादीत वर, त्याला सुगंधाबाई लक्ष्मीसारख्या वाटायच्या; ज्याचं खाली, तो घरी जेवताना त्यांचा उद्धार करायचा. आणि वर दोन-चार नावं असायची, खाली सगळं गाव.

गावाचं त्यांना काही वाटत नसे. कामावर येताना त्या संत मुक्ताबाईचं नाव घ्यायच्या आणि दिवसभराचं बोलणं तिच्या पायाशी ठेवून घरी जायच्या. अडचण होती ती चुडामण आबांची. आबा म्हणजे नवऱ्याचे, बन्सीलाल भाऊंचे थोरले बंधू, सुगंधाबाईंचे जेठ. त्या घरात जेठ आणि भावजय समोरासमोर बोलत नसत. आबांना चहा हवा असला, तर ते ओट्याकडे बघून म्हणायचे, “चहा झाला असता तर बरं झालं असतं.” सुगंधाबाई पदर पुढे ओढून चुलीला सांगायच्या, “ठेवलाय.” लग्न होऊन आल्यापासून असं सुरळीत चाललं होतं.

मग एका हंगामात आबांचा नंबर इतका मागे गेला, की त्यांची केळी बागेतच पिवळी पडली. आता भावजयीला बोलता येत नाही आणि न बोलता राहवत नाही. आबांनी मग भावाकडे येणंच बंद केलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बन्सीलाल भाऊ थोरल्या भावाचं ताट वाढून दाराकडे बघत बसले. खापरावरची पुरणपोळी गार झाली, आमरसावर साय धरली. भाऊ स्वतःही जेवले नाहीत. सुगंधाबाईंच्या मनात ते ताट घर करून राहिलं.

त्र्याण्णव साली दिवाळी झाल्यावर जळगावच्या मोठ्या कचेरीनं सोसायटीला संगणक दिला. त्याच्यासाठी काचेच्या दाराची वेगळी खोली झाली, हिरवा पडदा आला, कूलर आला आणि दारावर पाटी लागली : ‘चपला बाहेर काढाव्यात.’ माणसं वहाणा काढायची, टोपी नीट करायची, आणि काही जण सवयीनं हातही जोडायचे. पहिल्याच यादीत संगणकानं पहिला नंबर पुना नानांना दिला. नाना वारून वर्ष होत आलं होतं. पण नानांच्या मुलांनी घाईनं वॅगन भरली आणि दुसऱ्या दिवशी येऊन यंत्रापुढे नारळ फोडला.

आबांचं नाव सगळ्यात शेवटी होतं.

आबा आले. वहाणा काढल्या. काचेला नाक लावून त्यांनी आत बघितलं, आणि मग साठवलेलं सगळं बाहेर काढलं. “काबरं रे, तू कधी बागंत पाय ठेवला? केळीले पानी कसं देता, तुले मालूम हाये? कूलरखाली बसून मले नंबर देतो!” अशी सुरुवात झाली, आणि पुढचं ऐकून आतल्या सुगंधाबाईंनी कूलर मोठा केला. मन भरेपर्यंत बोलून आबा गेले. संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले आणि खांबाला म्हणाले, “चहा झाला असता तर बरं झालं असतं.”

त्या आखाजीला आबा घरी जेवले. सुगंधाबाईंनी मुक्ताबाईला नारळ वाहिला, आणि मनातल्या मनात संगणकालाही नमस्कार केला.

पुढच्या थंडीत जळगावहून पत्र आलं. ज्या सोसायटीला संगणकाचा फायदा दिसणार नाही, तिथला उचलून जामनेरला देणार. पाहणीला धनसिंग साहेब आले. सज्जन माणूस, आत येताना त्यांनी बूटही काढले. हातात छापील कागद होता.

“वेळ किती वाचला, बाई?”

“हातानं केली तर यादी सकाळच्या चहापर्यंत होते. याच्यावर करायची तर आधी लाइट यावी लागते. मग जेवणाची सुटी होते.”

“कागद वाचला असेल.”

“यंत्राचे कागद निघतात. आणि ते बिघडलं तर असावी म्हणून वहीतही लिहिते.”

“माणसं कमी लागतात?”

“आधी मी एकटी होते. आता धूळ पुसायला शिपाई दिलाय.”

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. “बाई, तुम्हाला हा इथे राहायला हवाय ना?”

“हवाय, साहेब.”

“मग जरा चांगलं सांगा. बरं, चालू करून दाखवा.”

पावसाळ्यात उंदरांनी आतल्या वायरी खाल्ल्या होत्या. उंदीर गणपतीचं वाहन, म्हणून सुगंधाबाईंनी औषध ठेवलं नव्हतं. भुसावळचा मेकॅनिक उद्या येतो म्हणायचा. तेव्हापासून त्या हातानंच यादी करून त्याच काचेवर लावत होत्या. कोणी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. पण तोंडावर विचारल्यावर खोटं बोलायचं म्हणजे मुक्ताबाईपुढे कसं उभं राहायचं?

“बंद आहे, साहेब. पावसाळ्यापासून. याद्या मीच करते.”

दारात काहीतरी हललं. आबा उभे होते, अनवाणी. यादी बघून भांडायला आले होते आणि सगळं ऐकून बसले होते.

सुगंधाबाईंनी पदर पुढे ओढला. आखाजीचं गार ताट त्यांना तिथेच दिसायला लागलं.

“साहेब,” आबा म्हणाले, “म्हंजे पोळ्याच्या टायमाले मी याले जे बोललो, तवा हे बंद होतं?”

“बंदच असणार,” साहेब म्हणाले.

आबा हिरव्या पडद्याकडे वळले. मग पडद्यालाच म्हणाले, “मी लई घान बोललो. मायपर्यंत गेलो.”

सुगंधाबाई कूलरकडे तोंड करून म्हणाल्या, “यंत्राला कुठे माय असते? कोणाला काही लागलं नाही.”

साहेब पडद्याकडे बघत, मग कूलरकडे. त्यांना काही उमगेना.

“साहेब, हे दुरुस्त करा,” आबा म्हणाले. “माझा नंबर मागंच राहीन, ते मले मालूम हाये. माझी बाग उशिरा लावलेली, यादी कोनीबी करो. पन मानसाले बोलाले जागा लागते. मले घरात बोलता येत नही. हे जामनेरले नेलं, तर मी काय जामनेरले जाऊ भांडाले?”

साहेबांनी टोपण काढलं. ‘इतर फायदे’ अशी एक रिकामी जागा कागदाच्या तळाशी होती. तिथे त्यांनी विचार करकरून लिहिलं : ‘सभासदांना आपले म्हणणे मोकळेपणाने मांडता येते. यंत्र याच जागी ठेवून त्वरित दुरुस्त करावे.’

भुसावळचा मेकॅनिक या खेपेला खरंच आला. आखाजी तोंडावर आली असताना यादी निघाली, आणि आबांचं नाव पुन्हा तळाशी. आबा आले, वहाणा काढल्या, आणि बोटानं काच वाजवली.

“आज चालू हाये ना हे?” त्यांनी दाराच्या चौकटीला विचारलं.

“चालू आहे,” सुगंधाबाईंनी पडद्याला सांगितलं.

मग आबांनी सुरुवात केली.