बुधाबाईचा गंज

दवाखान्याच्या फाटकाशी आठ माणसं हिरवे बांबू आणि नवं लुगडं घेऊन उभी होती. बुधाबाईचं प्रेत न्यायला आली होती. बुधाबाई आत खाटेवर जिवंत होती, आणि हा सगळा घोळ मी घातला होता.

१९८४-८५ चं साल असेल. पोंभुर्ण्याच्या बाजूला मी नवाकोरा मेडिकल ऑफिसर. अंगात अक्कल कमी, स्टेथोस्कोप जास्त. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. लोक तिला हैजा म्हणत. मी लगेच वॉर्डाभोवती बांबूचं कुंपण घातलं. नातेवाईक बाहेर मोहाच्या झाडाखाली. आतली खबर बाहेर सांगायची नाही, उगाच अफवा नकोत. वरच्या साहेबांनी राउंडला येऊन पाठ थोपटली, "व्हेरी गुड!" मग काय, मी हवेतच.

आमच्याकडे किचन नव्हतं. घरचे लोक कुंपणाशी पेजेचा गंज ठेवत. इकडे पातेल्याला गंज म्हणतात. आमची आया तो आत नेई, धुऊन परत देई. एका रात्री एक म्हातारा गेला. त्याचा गंज तेवढा परत गेला नाही, सकाळी प्रेतच गेलं. हे झाडाखालच्या सगळ्यांनी पाहिलं. मी नाही पाहिलं. मी नवीन नियम काढत होतो: सिरियस पेशंटचं भांडं बाहेर जाणार नाही, ब्लीचिंगच्या ड्रममध्ये बुडवून ठेवायचं.

सर्वांत सिरियस बुधाबाई. सुरुवात तिच्याच गंजापासून.

रामटेके सिस्टर म्हणाल्या, "सर, गंज धुऊन वापस द्या ना. तिचा घरवाला वाट पाहून राह्यला."

"सिस्टर, इन्फेक्शन कंट्रोल तुम्ही बघता की मी?"

सिस्टरनी गंज उचलून ड्रममध्ये बुडवला. वीस वर्षांची नोकरी झालेली बाई, माझ्यासारखे किती आले नि गेले हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळपर्यंत बुधाबाईचा नवरा सोमाजी झाडाखालून गायब. दुसऱ्या सकाळी पेज आली नाही. बुधाबाईनं आयाला विचारलं, "माहा घरवाला कुठी हाय?" आया खरं बोलली, "गेला." झालं! तिनं तोंड मिटून घेतलं. सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. आता ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी, सतत पाजत राहणं एवढंच हातात होतं. आणि बाई ग्लास ढकलून देई. "त्यानं टाकून देल्लं मले. आता पिऊन काय करू?" मी समजावलं, मग ओरडलो, मग हातही जोडले. नाडी बारीक होत चालली. खरं सांगतो, मी पार घाबरलो.

दुपारी फाटकाशी ते बांबू आले.

"डॉक्टरसाहेब, आमची बाई द्या," सोमाजी म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते.

"अहो, ती जिवंत आहे!"

"मंग तिचा गंज वापस काऊन नाई आला?"

मी त्याचा हात धरला आणि माझंच कुंपण ओलांडून त्याला खाटेपाशी नेलं. बुधाबाईनं डोळे उघडले. आधी नवरा दिसला, मग खिडकीतून बांबू.

"मी मेलीबी नाई अन् बांबू तोडून आणले?"

"गंज नाई आला तुहा..." म्हणून तो गडी लहान पोरासारखा रडायला लागला. सिस्टरनं त्याच्या हातात ग्लास दिला. बाईनं शिव्या देत देत तो रिकामा केला. मग दुसरा, मग तिसरा. सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या, हे त्यांचे उपकार.

त्याच संध्याकाळी गंज धुऊन परत द्यायचा हुकूम निघाला. सही माझी, अक्कल सिस्टरची. कुंपणाचे बांबू चुलींना गेले.

पाचव्या दिवशी बुधाबाई घरी निघाली, तेच नवं लुगडं नेसून. "आणलं हाय तं कायले वाया घालवू?" फाटकाशी थांबून तिनं हात पुढे केला. "साहेब, माहा गंज?"

ड्रममधून काढला, तर ब्लीचिंगनं त्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, गंजाला भोकं पडलेली. मी क्वार्टरवर जाऊन माझं दुधाचं पातेलं आणून दिलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बरा हाय. डॉक्टर बी सुधरंल."