काचेला चिकटलेली अबोली

ही गोष्ट मी आजवर टाळली. विषय निघाला की खाऱ्या हवेला दोष देऊन मोकळा व्हायचो. दोष हवेचा नव्हता.

एकोणीसशे तीसनंतरची वर्षं. मुरूडला माझं फ्रेमचं दुकान होतं. दाऊदशेठ आणि त्यांची लेक सकीना तिने काढलेलं चित्र घेऊन आले. घरामागच्या वाडीतली अबोली. कुणा मडमेने तिला फ्रेंच चित्रकारांच्या बागांची छापील चित्रं दाखवली होती. त्याच वळणाचं हिचं काम. जवळून पाहावं तर नुसते रंगाचे फटकारे. चार पावलं मागे सरकलं की उन्हातली फुलं.

"मुंबईच्या एक्झिबिशनात लागलं तर पोरीला मामूकडे ठेवून शिकवीन," शेठ म्हणाले. "नाही लागलं तर निकाह. जबान दिलीय."

सकीना हळूच म्हणाली, "काका, रंग आतून ओला हाय. काच टेकवू नका."

"अगं, तुझ्या जन्माआधीपासून तसबिरी बसवतोय मी!"

तैलरंग जाड लावला की वर साय धरते, आत महिनोन्महिने ओलं राहतं. अशा चित्राला काच लावायचीच तर मध्ये लाकडाची बारीक पट्टी घालून फट ठेवतात. मला ते ठाऊक होतं. पण हात देवांच्या छापील तसबिरींना सरावलेला. काच टेकवली, मागून पुठ्ठा दाबला, चुका ठोकल्या.

आठवड्याने बापलेक पार्सल न्यायला आले. पाहतात तर फुलं चपटी. मी काच उचलली, तर अर्धी अबोली काचेबरोबर वर आली.

"हे काय, मिस्त्री?"

"रंग कच्चा होता, शेठ."

आमच्या धंद्यात कच्चा म्हणजे न वाळलेला. शेठना वेगळंच ऐकू आलं. ते लेकीकडे वळले. "ऐकलंस? मडम वाहवा करते, आणि कारागीर कच्चा म्हणतो."

सकीना माझ्याकडे पाहत राहिली. एक वाक्य पुरलं असतं. मी खाली मान घालून काचेवरचा रंग खरवडत बसलो.

पावसाआधी तिचा निकाह झाला. तिने पुन्हा ब्रश धरला नाही, असं ऐकलं.

पुष्कळ वर्षांनी ती दुकानात आली. हातात वडिलांचा फोटो.

"काच टेकवूनच बसवा, काका. ह्यात कच्चं काय न्हाय."

इतकी वर्षं घोकलेली माफी ओठांवर आली. तोंडातून निघालं, "रविवारी न्या."

फोटोला गरज नव्हती, तरी मी पट्टी घातली. पट्टी वेळेवर घालायची असते.

रविवारी सकाळपासून वाट पाहत बसलो. फ्रेम न्यायला तिचा जावई आला.