शिलाई मशीनशेजारचा समुद्र

समुद्राची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही लगेच नारळ, होड्या, वाळूत बसून हातात हात घेतलेलं कुणीतरी, असं सगळं मनात मांडून बसला असाल. उचला ते. आमचा समुद्र पिंपरीत होता. संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत, आईच्या शिलाई मशीनशेजारी. लांबी दोन फूट.

बाबा मूळचे कोकणातले, इथं कंपनीत फिटर. गावी होडीवर जाणारा थोरला काका दर पत्रात एकच टोमणा मारायचा, "समुद्र टाकून लोखंड चाटूक गेलंस." म्हणून बाबांनी काचेची पेटी केली. तळाशी गावचे शिंपले, मधे पोवळ्याचा पांढरा खडक आणि दोन गोल्डफिश, तेही गोड्या पाण्यातले. काका गुरुवारी येणार होता. त्यानं दारातच 'वा रे' म्हणावं, एवढंच बाबांना हवं होतं.

अडलं उजेडापाशी. संध्याकाळी व्होल्टेज असं पडायचं, की पत्र्याच्या झाकणातला चाळीसचा बल्ब उदबत्तीसारखा लाल व्हायचा. मासे दिसायचे नाहीत. आहेत, असं वाटायचं फक्त.

बाबा म्हणाले, "वायरमनला विचारून ये, कितीचा लावू."

वायरमन चिखलीचा. खालच्या ओठात तंबाखू, त्यामुळे प्रत्येक शब्द पत्ता विचारत विचारत बाहेर यायचा. मला नकला करायचा नाद. तो दहा मिनिटं मन लावून समजावत होता आणि मी मन लावून त्याचा ओठ बघत होतो. मान कशी वर करतो, 'व्हय'च्या आधी डोळे कसे मिटतो, सगळं घेतलं. काय म्हणाला, तेवढं राहिलं.

घरी बाबांनी विचारलं, "काय म्हणाला?"

मी ओठ फुगवला, मान वर केली. "व्हय सायेब... शंभराचा लावा... बिनघोर!"

आई पोट धरून हसली. बाबासुद्धा हसले आणि हसत हसतच शंभराचा बल्ब घेऊन आले. बुधवारी संध्याकाळी लावून पाहिला. सुंदर! मंद, पिवळा, देवघरासारखा.

गुरुवार उजाडला. गुरुवारी कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्याला सुट्टी, कंपनीतलं एकही मशीन चालू नाही. बाबांनी सकाळी आठलाच बल्ब लावला, कारण काका कधीही टपकेल. काकाची एसटी आली बाराला. तोवर बल्ब दुपारच्या सूर्यासारखा तळपत होता आणि दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. बाबा म्हणाले, "बघ, खूश आहेत."

काका आला. पिशवी खाली न ठेवताच त्यानं पाण्यात बोट घातलं आणि ओरडला, "अरे, पाणी कडत झालाहा! माशे शिजवूचेच होते, तर कोकमां तरी घालूची!"

मग धावाधाव. बाबांनी बटण बंद केलं, काकानं ओंजळीनं मासे उचलले, मी मोरीतली बादली आणली. कपड्याच्या बादलीत गार पाण्यात ते दोघे जरा वेळ आडवे पडले, मग शेपट्या हलल्या. काका बादलीत वाकून म्हणाला, "वा रे!"

बाबांना हवं होतं ते मिळालं, पण बादलीला.

त्यांनी तडक वायरमनला बोलावलं. तो आला, ओठ सावरून म्हणाला, "म्या तर साठचा सांगितला व्हता. गुरवारी कंपन्या बंद, समदं व्होल्टेज घरात घुसतंय. पोराला दोनदा बजावलं की!"

सगळे माझ्याकडे वळले. मी सवयीनं ओठ फुगवणार होतो, तो जागीच आवरला.

"गाढवा," बाबा कडाडले, "आवाज त्याचा, ओठ त्याचा, तंबाखूसुद्धा त्याची! मग अक्कल तेवढी स्वतःची वापरायला तुला सांगितलं कुणी?"